पार्किंगमधलं चाक

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला टेकून एक दगडी चाक उभं होतं. माझ्या कमरेच्या वर येईल एवढं, चांगलं वीतभर जाड, मधोमध चौकोनी भोक. त्याचा उपयोग ज्याला जसा सुचेल तसा व्हायचा. पोरांचा तो स्टंप होता, तळमजल्यावरच्या बाई त्याच्यावर पायपुसणी वाळत घालायच्या, आणि कुरिअरवाले 'चाकापाशी ठेवलंय' असं फोनवर सांगून निघून जायचे. ते तिथे का आहे, हे मात्र कोणी विचारायचं नाही. मी न विचारताच सांगायचे. माझा स्वभावच तसा आहे. ऐकणाऱ्याला घाई असते आणि मला नसते, एवढीच काय ती अडचण.

मला अशा गोष्टी दिसतात, त्याला मी तरी काय करू? सातारा रस्त्यावर एका वडापावच्या गाडीमागे दगडविटांचा जाडजूड मनोरा उभा आहे. कात्रजच्या तलावाचं पाणी पूर्वी जमिनीखालून शहरात यायचं, त्यातली हवा बाहेर पडायला बांधलेला तो उच्छ्वास. आता त्याच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवतात. कसब्यात, माझ्या आजोळच्या गल्लीत, एका भिंतीत घोडा बांधायची लोखंडी कडी आहे. तिला वाढदिवसाच्या फ्लेक्सची दोरी बांधलेली असते. मी थांबून बघत राहते आणि आमचे हे पुढे चालत राहतात. कोपऱ्यावर गेल्यावर त्यांच्या लक्षात येतं की आपण इतका वेळ एकटेच बोलत होतो.

पुण्यात जुन्या गोष्टींचा अभिमान सगळ्यांनाच असतो. फक्त ती गोष्ट पेशव्यांची असावी लागते. पेशवे गेल्यानंतरही पुण्यात काही घडलं असेल, अशी शंका बऱ्याच जणांना येतच नाही. आमच्या चाकाचं नेमकं तिथेच चुकलं.

ते चाक चुन्याच्या घाणीचं. मी लहान होते तेव्हा बाबा आणि त्यांच्यासारखेच कारकून, मास्तर, पोस्टातले लोक अशी बारा कुटुंबं एकत्र आली आणि त्यांनी कर्वेनगरात जागा घेतली. कसब्यातून तिकडे जायचं म्हणजे रानात राहायला जाणं होतं. आजोळच्या लोकांनी आईला, 'कोल्हे येतात म्हणे तिकडे,' असं सांगून निरोप दिला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि परमिट कधी मिळेल ते कोणालाच माहीत नसायचं. जे हाती आलं ते स्लॅबसाठी ठेवायचं आणि भिंती चुन्यात बांधायच्या, असं ठरलं.

मग प्लॉटवर घाणी बसली. जमिनीत गोल चर खणायचा, त्याला आतून दगड लावायचे, चरात चुना, वाळू आणि पाणी घालायचं. चाकाच्या भोकातून लाकडी दांडा ओवायचा, त्याला बैल जुंपायचा. बैल गोल फिरतो, चाक चरातून फिरतं आणि चुना मळला जातो. एका वेळी चरात घातलेल्या मालाला घाणा म्हणायचे. घाण्याला ठरलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्या तर चुना लोण्यासारखा होतो आणि वीट धरून ठेवतो. फेऱ्या कमी पडल्या तर दिसायला तो तसाच दिसतो, पण भिंत कच्ची राहते. आणि फेऱ्या कमी करण्याचा मोह कंत्राटदाराला होतो, हे आमच्या बारा कुटुंबांनी आधीच गृहीत धरलं होतं. पुणेकर माणूस विश्वास ठेवतो, पण शेजारी खुर्ची टाकून ठेवतो.

खुर्चीवर बसायचं कोणी, हा प्रश्न होता. पुरुष सकाळी सायकली काढून ऑफिसला जायचे. तेव्हा बायकांनी वार लावून घेतले. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, तसेच हे घाणीचे वार. सहा वारांना सहा जणी. रविवारी पुरुष घरी असायचे, म्हणून तो त्यांचा. ज्या बायका उरल्या त्यांनी वारावर बसणाऱ्यांची पोरं सांभाळायची, असा चोख हिशेब होता.

आईचा वार गुरुवार. मोजायचं कसं, याची प्रत्येकीची रीत वेगळी होती. कोणी चिंचोके टाकायच्या, कोणी जपमाळ ओढायच्या. आईने लोकरीच्या सुया आणल्या. बैलाची एक फेरी, विणकामाची एक सुई, म्हणजे टाक्यांची एक ओळ. आधी तिने स्वेटर विणायला घेतला होता, पण स्वेटरची सुई रुंद, ती संपेपर्यंत बैल पुढच्या फेरीला लागायचा. म्हणून तिने मफलर घेतला. मफलर आणि बैल अगदी जोडीने चालायचे. पण एका घाण्यालाच मफलर एवढा लांब व्हायचा की तो घालायला जिराफ लागला असता, आणि लोकर काही फुकट येत नव्हती. मग घरी आल्यावर आई तो सगळा उसवायची, गुंडी करायची आणि पुढच्या गुरुवारी पहिल्यापासून सुरुवात. त्याच दोन गुंड्यांवर तिने आपल्या वाट्याचे सगळे गुरुवार काढले. शेवटी ती लोकर इतकी झिजली की बाबा म्हणाले, आता हिचा धागा पतंगालासुद्धा चालणार नाही.

शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर असायचे. बैलाला कोथिंबिरीच्या काड्या द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे पुढचा प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे, ऐकीव नाही.

एका गुरुवारी कंत्राटदार आला, चरात बोट घातलं, चोळून पाहिलं आणि बैल सोडायला सांगितला. आई खाली मान घालून विणत होती. ती म्हणाली, "अहो, अजून वीस-पंचवीस सुया राहिल्यात."

"वहिनी, चुना झालाय. आमची हयात गेली यात."

"असेल. चुन्यातलं मला काहीच कळत नाही."

"मग?"

"विणकामातलं कळतं." आणि तिने मफलर उलगडून त्याच्यासमोर धरला. "गेल्या गुरुवारी इथपर्यंत आला होता. ही सुतळी बघा, उसवायच्या आधी मापाने कापून ठेवलीय. आज इथपर्यंतच आलाय. बैल तोच, चाक तेच, विणणारी मीच. मग कमी कोण पडलं ते तुम्हीच सांगा."

कंत्राटदाराने ती सुतळी मफलरला लावून पाहिली. मग मोठ्याने हसला आणि त्याने बैल परत जुंपायला लावला. त्यानंतर गुरुवारी तो आला की चुन्यात बोट घालायचाच नाही. लांबूनच विचारायचा, "वहिनी, सुया झाल्या का?"

इमारत उभी राहिली. पुढे सिमेंट सहज मिळू लागलं, कंत्राटदार चाक न्यायला फिरकलाच नाही, चर बुजला आणि त्याच्यावर फरशा आल्या. फाटकाशी संगमरवरी कोनशिला बसली. तिच्यावर बारा नावं, बाराही 'श्री.' मी तेव्हा मोठ्या वर्गात गेले होते. आईला विचारलं, यात तुझं नाव का नाही? ती पोळ्या करत होती. म्हणाली, "नाव कशाला हवं? भिंती आहेत की."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्या सहा जणींपैकी आता मंगळवारच्या काकू तेवढ्या आहेत, नव्वदीच्या, माझ्या वरच्या मजल्यावर. आणि भिंती आहेत असं म्हणायची सोयही उरली नाही, कारण आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. मी विरोध केला नाही. जिने चढवत नाहीत, लिफ्ट हवी, हे मलाही पटत होतं. पण मनात एक ठरवलं होतं. भिंती जाणार असतील तर चाक राहिलंच पाहिजे. त्या सहा बायकांनी इथे काय केलं, त्याची दुसरी खूण उरणार नव्हती.

बिल्डरच्या माणसाने नकाशे दाखवले तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, कोनशिला आपण लॉबीत लावतोय. बाकीचं सगळं राडारोड्यात जाईल."

आमचा सेक्रेटरी म्हणजे एका संस्थापकाचा नातू, आयटीतला, मुलगा तसा गुणी. तो म्हणाला, "काकू, इमोशन्स समजतात मला. पण ते चाक ठेवलं तर दोन टू-व्हीलरचं पार्किंग जातं. लोकांना कसं कन्व्हिन्स करू?"

मी तीन-चार जणांकडे जाऊन आले. सगळ्यांनी चहा दिला, शब्द कोणी दिला नाही.

मग एक गंमत झाली. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक मुलगी आर्किटेक्चर शिकते. तिने चाकाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्याकडे चुन्याच्या घाणीचं चाक आहे, पेशवेकालीन असावं का?' बिचारीने प्रश्न विचारला होता. पण बाकीच्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. दुपारपर्यंत प्रश्नचिन्ह गळून पडलं. संध्याकाळी एकाने, शनिवारवाड्याचा चुना याच चाकावर मळला गेला, असं छातीठोकपणे लिहिलं. शनिवारवाडा कुठे, कर्वेनगर कुठे. मध्ये मुठा नदी आहे, याचाही त्याला विसर पडला. दुसऱ्या दिवशी चाकावरची पायपुसणी उतरली आणि कोणीतरी दोन जास्वंदीची फुलं वाहिली. पोरांना ओरडून दुसरीकडे खेळायला लावलं.

बिल्डरचा माणूस तर धावतच आला. चाक आता लॉबीत ठेवायचं, वरून प्रकाशझोत सोडायचा, खाली पितळी पाटी. माहितीपत्रकातही फोटो येणार होता. पार्किंगचा प्रश्न अचानक कोणाला पडेना.

मला हवं होतं ते सगळं मिळत होतं, आणि माझा पारा चढत होता. बैल आमच्या कोथिंबिरीच्या काड्या खाऊन फिरला, माझ्या आईने उन्हात बसून सुया मोजल्या, आणि पाटी पेशव्यांची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आमचे हे व्यवहारी. म्हणाले, "तू खोटं बोललेली नाहीस. ते बोलतायत. चाक वाचतंय ना? मग गप्प बस."

"आणि पाटी?"

"पाटी कोण वाचतं पुण्यात?"

"अहो, पुण्यात पाट्याच वाचतात," मी म्हटलं. पण त्यांचं म्हणणं मनात घर करून राहिलं. खरं सांगितलं असतं तर चाक परत राडारोड्यात जाण्याचीच शक्यता जास्त होती. गप्प राहिले असते तर चाक राहिलं असतं आणि त्या सहा जणी कायमच्या पुसल्या गेल्या असत्या, त्यांच्याच चाकाखाली. दोन दिवस मी चिडचिड केली. भाजीत मीठ दोनदा पडलं, तेही ह्यांनी मुकाट्याने खाल्लं.

सर्वसाधारण सभा पार्किंगमध्येच भरली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. सेक्रेटरीने पाटीचा मजकूर मंजुरीसाठी वाचला. 'पेशवेकालीन चुन्याच्या घाणीचे चाक.' हरकत असल्यास सांगावी, असं तो सवयीने म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

मी उभी राहिले. "हरकत आहे. हे चाक पेशव्यांचं नाही. माझ्या आईचं आहे."

लोक हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला. मग मी सगळं सांगितलं. परमिट, बैल, वार, मफलर. घाईघाईने नाही, जसं सांगायला हवं तसं. अध्येमध्ये कोणी घड्याळ बघितलं तर मी त्याच्याकडे बघून बोलत होते. सांगून झाल्यावर म्हटलं, "आता ठेवायचं की टाकायचं ते तुम्ही ठरवा. पण ठेवलंत तर खऱ्या नावाने ठेवा."

बिल्डरच्या माणसाने हातातली फाइल मिटली. "म्हणजे मॅडम, तसं हे अलीकडचंच म्हणायचं. मग लॉबीच्या जागेचा फेरविचार करावा लागेल." चार-पाच माना हलल्या. सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं. काकू, सगळं जुळत आलं होतं ना, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मला वाटलं, संपलं. बरं केलंस बाई, हाताने घालवलंस.

मंगळवारच्या काकू पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी शेजारणीला विचारलं, कसला विषय चाललाय? तिने कानाशी जाऊन सांगितलं, घाणीचा. काकूंनी मान वळवून चाकाकडे पाहिलं.

"माझा वार मंगळवार होता," त्या म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "बैल मंगळवारी माजायचा. बाकीच्या वारी गुणी."

मागून एक गृहस्थ उठून काकूंच्या कानाशी आले, स्वतःच सत्तरीचे. "आमच्या आईचा कुठला हो?"

"बुधवार. चिंचोके टाकायची ती. एक चिंचोका तू गिळलास, तेव्हा केवढा गोंधळ झाला मोजण्यात."

कोणीतरी हसलं, पण आता त्या हसण्यात फरक होता. सेक्रेटरी कागद ठेवून काकूंच्या खुर्चीपाशी आला आणि वाकून विचारलं, "आणि आमच्या आजीचा?"

"शनिवार. उपास असायचा तिचा. पाणीसुद्धा घाणा उतरल्यावर प्यायची."

त्याला ते ठाऊक नव्हतं. तो चेहरा गंभीर ठेवून म्हणाला, "मग आजी, आमच्या बेडरूमला एवढी ओल का येते?"

"ती भिंत रविवारची," काकू म्हणाल्या. "पुरुष बसले होते."

त्या दिवशी ठराव एकमताने झाला. लॉबी बिल्डरची बिल्डरलाच ठेवू दे. कोनशिला फाटकाशीच राहील, चाक तिला लागून बसेल, आणि पार्किंगच्या दोन जागा गेल्या तर जाऊ देत. हे सेक्रेटरीच म्हणाला. पाटीवर सहा जणींची नावं घालायची असं ठरलं, आणि तिथे सगळे अडले. घरात त्या आई होत्या, आजी होत्या, बाहेर अमक्यांच्या सौ. होत्या. स्वतःचं नाव काय, हे सांगताना सख्ख्या नातवंडांची तारांबळ उडाली. सेक्रेटरीने आजीचं नाव अमेरिकेतल्या आत्याला फोन करून विचारलं. शुक्रवारच्या काकूंचं नाव कोणालाच सापडलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि बायकाबायकांत त्यांना नुसतं वहिनी म्हणत. मी हट्टाने पाटीवर 'शुक्रवारच्या वहिनी' असंच घालायला लावलं. आईचं नाव कोरलं गेलं तेव्हा त्यावरून बोट फिरवताना मला रडू आलं. आलं तर आलं, कोणापासून लपवलं नाही.

आम्ही सगळे भाड्याच्या घरांत गेलो आणि इमारत पाडायला घेतली. मी रोज समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायचे. ह्यांनी समजावलं की बघवणार नाही. मला बघायचंच होतं. दारं-खिडक्या गेल्या, गच्चीची फरशी गेली, पण भिंतींपाशी काम रखडलं. पुढे ठोकायचा दांडा असलेलं मोठं यंत्र आलं, त्याचीही दमछाक होऊ लागली. विटा फुटत होत्या पण सुटत नव्हत्या. एकेक तुकडा खाली येत होता तो चार-चार विटांचा, एकमेकींना धरून. पाडणाऱ्यांचा मुकादम घाम पुसत रस्ता ओलांडून पाणी प्यायला आला. मला रोज बघून त्याची ओळख झाली होती.

"कालच संपायला पाहिजे होतं हे," तो वैतागून म्हणाला. "एवढ्या बिल्डिंगा पाडल्या, पण अशी चिवट नाही बघितली. मॅडम, तुम्हाला माहीत असेल. बांधली कोणी होती ही?"

"आमच्या आयांनी," मी म्हटलं.

मी थट्टा करतेय का, ते त्याला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. माझी मान इतकी ताठ आयुष्यात कधी झाली नव्हती. पलीकडे यंत्राने परत ठोका घातला. भिंत हलली, पण पडली नाही.